मॅडमना आवडलेला रोहू

"या वेळी तपासणीत नापास झालो, तर तोफाज्जल हुसेन हे नाव लावणार नाही!"

हे वाक्य तोफाज्जल साहेबांनी सकाळच्या पहिल्या चहाबरोबर बायकोला ऐकवलं. जहानआरा बेगम मुळा चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग कुठलं लावणार?"

"अगं, लावायची वेळच येणार नाही! सगळं ठरलंय. सर म्हणालेत, आजची तपासणी पार पडली की मी डेप्युटी मॅनेजर. गोल फिरणारी खुर्ची. आणि गिरणीच्या आवारातलं क्वार्टर. ज्याची खिडकी नदीकडे उघडत नाही ते!"

नदीकडे न उघडणारी खिडकी म्हणजे काय चीज आहे, हे शीतलक्षा नदीच्या काठी राहणाऱ्यालाच कळेल. जहानआरा बेगमनी मुळा बाजूला ठेवला. सव्वीस वर्षं त्या नदीकडे उघडणारी खिडकी बंद करून संसार करत होत्या.

"आणि नाही पार पडली तर?"

"तर..." तोफाज्जल साहेबांनी चहाचा घोट घेतला, "तर तुझ्या भावाचं मुरमुऱ्याचं दुकान आहेच."

"त्याला माणूस हवाच आहे," बेगम म्हणाल्या. "मुरमुरे उडू नयेत म्हणून बसायला."

तोफाज्जल साहेब बकुल डाईंगमध्ये सांडपाण्याच्या प्लँटचे प्रमुख होते. बकुल डाईंग म्हणजे बांगलादेशातल्या नारायणगंजच्या नदीकाठच्या अनेक कापड रंगवणाऱ्या गिरण्यांपैकी एक. सगळ्या जगाचे टी-शर्ट इथे रंगायचे आणि टी-शर्टाला नको असलेला रंग नदीत जायचा. घाटावरचे नावाडी नुसतं पाण्याकडे बघून सांगायचे, आज कुठली ऑर्डर चालू आहे. नदी मरून रंगाची झाली म्हणजे परदेशातल्या कुठल्याशा शाळेचे गणवेश. निळी झाली म्हणजे कुठल्याशा बँकेचे. आणि काळी दिसली म्हणजे सगळ्या ऑर्डरी एकदम निघाल्यात, आज मालक खुशीत आहेत!

आता असं पाणी सोडू नये असा कायदा आहे. कायदा आहे म्हणून प्लँटही होता. चांगला सहा टाक्यांचा, निळ्या पायऱ्यांचा, फीत कापून उद्घाटन केलेला. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात जशा कपबशा असतात, तसा तो गिरणीत होता. पाहुणे आले की काढायचा, पुसायचा, दाखवायचा आणि पुन्हा आत. रोज वापरला तर झिजेल ना!

या प्लँटची शेवटची, सहावी टाकी मात्र पाहण्यासारखी होती. तिच्यात मासे होते. नदीकाठच्या प्रत्येक गिरणीच्या शेवटच्या टाकीत मासे असतात, तशी पद्धतच आहे. आमचं सांडपाणी शुद्ध होऊन इतकं निर्मळ होतं की त्यात जिवंत मासे नांदतात, असं एकदा दाखवलं की तपासायला आलेल्या माणसाचा अर्धा कागद आपोआप भरतो. बकुल डाईंगनं तर या माशांचा फोटो कॅलेंडरवर छापला होता. तीन रोहू. दोन मध्यम, एक भलाथोरला, आणि त्यांच्यामागे हात बांधून उभे जनरल मॅनेजर खोरशेद साहेब. चौघांचेही चेहरे सारखेच समाधानी.

तोफाज्जल साहेबांनी सुरुवातीला अगदी प्रामाणिकपणे या टाकीत मासे पाळून पाहिले होते. पण टाकीचा जुना व्हॉल्व्ह गळका होता, त्यातून आधीच्या टाक्यांचं रंगीत पाणी आत झिरपायचं. तीन दिवसांत माशांनी पोटं वर केली. तेव्हापासून त्यांनी आपली स्वतःची व्यवस्था बसवली होती आणि ती गिरणीत त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती. तपासणीच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करून घासायची. जनरेटरच्या मागून रबरी पाइप आणून ती ट्यूबवेलच्या पाण्यानं भरायची. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मतलेब नावाचा मासेवाला सायकल-व्हॅनवर प्लास्टिकचा पिंप घेऊन मागच्या फाटकानं येणार, तीन रोहू टाकीत सोडणार आणि दुपारी तीन वाजता परत घेऊन जाणार. पुढे मतलेब त्या माशांचं काय करतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मासेवाला माशांचं काय करणार? बाजारात विकत असेल!

खुद्द खोरशेद साहेबांनाही यातलं काही माहीत नव्हतं. गेली दोन वर्षं तेच तीन मासे तोफाज्जल साहेब पोटच्या पोरांसारखे सांभाळतात, अशी त्यांची समजूत होती. "मासे कसे आहेत?" असं ते अधूनमधून विचारायचेसुद्धा. "आपल्या दुआनं बरे आहेत, सर!" असं तोफाज्जल साहेब सांगायचे. कुणाच्या भावना कशाला दुखवा!

तर त्या दिवशी नऊ वाजता मासे आले. दहा वाजता मॅडम आल्या.

लुबना यास्मिन मॅडम पर्यावरण खात्यात नव्यानं रुजू झाल्या होत्या. वय तिशीच्या आत, आवाज हळू, हातात वही. त्यांच्यासोबत इद्रिस नावाचे वयस्कर मदतनीस होते. ते नमुन्यांच्या बाटल्या भरलेली बर्फाची पेटी मिठी मारून चालत होते. तोफाज्जल साहेबांनी मॅडमना पायापासून डोक्यापर्यंत अदबीनं न्याहाळलं. मॅडमचे बूट घोट्यापर्यंत मरून रंगाचे होते आणि वर पांढरे. आजकाल असेही बूट मिळतात वाटतं, असं त्यांनी मनात म्हटलं. मुलीला सांगायला हवं.

"आपा, आधी चहा," खोरशेद साहेब थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाले.

"आधी पाणी," मॅडम म्हणाल्या.

खोरशेद साहेबांनी पेला मागवला.

"हे नव्हे. तुमचं पाणी."

मिरवणूक प्लँटकडे निघाली. प्लँट सकाळी सातपासून चालू केला होता. पहिल्या टाकीत फेस येत होता, दुसरीत पंखे फिरत होते, तिसरीत काहीतरी गुरगुरत होतं. काय गुरगुरतंय ते तोफाज्जल साहेबांनाही नक्की ठाऊक नव्हतं, पण "हा जैविक टप्पा आहे" असं त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की गुरगुरणंही क्षणभर थांबलं.

सहाव्या टाकीशी मात्र मॅडम थबकल्या. पाणी असं स्वच्छ की तळाची फरशी मोजावी. आणि त्यात तीन रोहू! थोरला रोहू तर काठाशी येऊन असा संथ वळसा घेऊन गेला, की जणू पाहुण्यांचं स्वागत करण्याची त्याला सवयच असावी. त्याच्या शेपटीचा एक कोपरा फाटलेला होता. तेवढ्यानं त्याला उलट अनुभवी माणसासारखा भारदस्तपणा आला होता.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "काय सुंदर रोहू आहे!"

"दोन वर्षांचा आहे, आपा!" खोरशेद साहेबांची छाती फुगली. "याच पाण्यात वाढलाय!"

"मला याला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

"आमच्या कॅलेंडरवर पाहिलं असेल," तोफाज्जल साहेब घाईनं म्हणाले. "आणि तसे रोहू काय, सगळे सारखेच दिसतात, मॅडम."

मॅडमनी टाकीचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, पट्टी बुडवली, ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र सोडलं. पीएच सात. ऑक्सिजन भरपूर. रंग शून्य. त्यांनी वहीत लिहिलं, पण लिहिताना त्या उगाचच जरा हसल्या. तोफाज्जल साहेबांना त्या हसण्यात गोल फिरणारी खुर्ची दिसली.

हे सगळं चालू असताना चहाचा ट्रे घेऊन आणखी एक माणूस तिथे उभा होता. गिरणीचे आचारी सोलेमान चाचा. त्यांना पीएच कळत नव्हता. ऑक्सिजनशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट ऐकली. पाहुण्यानं माशाची तारीफ केली!

आता नारायणगंजमध्ये जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाहुणा तोंडानं मागत नसतो. भल्या घरचा पाहुणा नुसता म्हणतो, "वा, काय सुंदर रोहू!" पुढचं समजून घ्यायचं असतं. शिवाय सकाळीच खोरशेद साहेबांनी चाचांना बजावलं होतं, "मॅडमच्या ताटात मानाचं माशाचं डोकं पाहिजे. आणि मासा ताजा! बर्फातला आणलास तर तुला बर्फात घालीन!" ताजा म्हणजे किती ताजा? सोलेमान चाचांनी टाकीकडे पाहिलं. स्वयंपाकघर चाळीस पावलांवर होतं.

मंडळी कागद बघायला ऑफिसात गेली, तसे चाचा जाळं आणायला गेले.

दुपारच्या नमाजानंतर जेवण मांडलं गेलं. टेबलाच्या एका बाजूला मॅडम आणि इद्रिस. समोर खोरशेद साहेब, तोफाज्जल साहेब आणि गिरणीचे रंगमास्तर. वाफाळता भात, मुगाची डाळ, वांग्याचे तळलेले काप आणि मध्ये मोठ्या परातीत लालभडक रश्श्यातले रोहूचे तुकडे. वास असा की इद्रिसनी बर्फाची पेटी पहिल्यांदाच खाली ठेवली.

"मी तपासणीला गेलेल्या ठिकाणी जेवत नाही," मॅडम म्हणाल्या.

"आपा, रिकाम्या पोटी पाहुणा गेला तर गिरणीला बरकत राहायची नाही!" खोरशेद साहेबांनी हात जोडले. "दोन घास. फक्त दोन."

पहिले दोन घास झाले. मग आणखी दोन झाले. मासा खरोखरच लोण्यासारखा होता. इद्रिस तर डोळे मिटून जेवत होते. खोरशेद साहेबांनी तिसरा तुकडा घेतला. तेव्हा सोलेमान चाचा दोन्ही हातांत बशी धरून वरातीतला नवरदेव आणावा तसे आले आणि त्यांनी मॅडमच्या ताटात अख्खं डोकं ठेवलं.

"घ्या, आपा! तुम्हाला आवडला होता ना? तोच!"

इद्रिसनी डोळे उघडले.

"तोच म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"टाकीतला! थोरला! तुम्ही म्हणालात ना, काय सुंदर रोहू आहे! म्हटलं, आपांनी तोंड उघडून शब्द टाकलाय, रिकामा कसा जाऊ द्यायचा?"

तोफाज्जल साहेबांच्या हातातला घास हातातच राहिला. मासा तीन वाजता परत द्यायचा होता! पण लगेच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मतलेबला सांगू, मेला म्हणून. मासा म्हटल्यावर मरायचाच. त्यांनी घास तोंडात घातला.

खोरशेद साहेब मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. क्षणभर ते गडबडले, पण मग त्यांच्या चेहऱ्यावर तेच कॅलेंडरवरचं समाधान पसरलं. खुर्चीवरून अर्धवट उठून ते म्हणाले, "आपा! यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? दोन वर्षं आमच्या सांडपाण्यात वाढलेला मासा आपण सगळ्यांनी खाल्ला! आणि चव काय आहे!"

"म्हणजे टाकीत आहे तेच पाणी तुम्ही नदीत सोडता?"

"तेच!"

"नक्की?"

"थेंबाचाही फरक नाही! वाटल्यास कुराणावर..." इथे रंगमास्तरांनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, "म्हणजे, वाटल्यास लिहून देतो!"

मॅडमनी ताटातलं माशाचं डोकं हळूच बाजूला सारलं. बोटं पुसली. मग त्यांनी वही उघडली. वहीचं मागचं पान.

"मी आज सकाळी सहा वाजता होडीनं आले होते," त्या म्हणाल्या. "तुमचा पाइप नदीत जिथे उघडतो तिथे चिखलात उतरून नमुना घेतला. हे बूट पांढरे होते." सगळ्यांनी टेबलाखाली वाकून बूट पाहिले. "पीएच साडेअकरा. ऑक्सिजन शून्य. पाणी कोमट. रंग मोजायच्या यंत्रानं आकडा दाखवायला नकार दिला. इद्रिसचाचांचं बोट त्यात बुडालं, त्याचा रंग अजून उतरलेला नाही."

इद्रिसनी बोट वर केलं. गणवेशाचा पक्का मरून रंग. रंगमास्तरांच्या डोळ्यांत नकळत कौतुक तरळलं.

"मघाशी टाकीत पीएच सात आला, तेव्हा मला हसू आलं," मॅडम म्हणाल्या. "वाटलं, हे पाणी वेगळं असणार. पण तुम्ही लिहून देताय की तेच पाणी आहे." इथे त्यांचा हळू आवाज आणखी हळू झाला. "म्हणजे मासा त्यातच वाढला. दोन वर्षं. आणि मी..." त्यांनी ताटाकडे पाहिलं. "मी किती तुकडे खाल्ले?"

"चार," सोलेमान चाचा अभिमानानं म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते फार भराभर झालं. मॅडमनी पाण्याचा पेला उचलला, मग पेल्यातल्या पाण्याकडे संशयानं पाहून परत ठेवला. इद्रिस पोट धरून म्हणाले, "मला मघापासूनच आत काहीतरी फिरतंय! मी म्हटलं भूक असेल!" खोरशेद साहेब पांढरेफटक पडले. पाइपातून काय जातं हे टेबलाशी बसलेल्यांत सगळ्यात चांगलं त्यांनाच ठाऊक होतं, आणि त्यांनी तीन तुकडे खाल्ले होते!

"लिंबू! मिठाचं पाणी! डॉक्टरला बोलवा!" ते ओरडले. "मास्तर, माझी जीभ बघा! कुठला रंग आहे?"

रंगमास्तरांनी खिडकीच्या उजेडात नेऊन साहेबांची जीभ पाहिली. धंद्याची सवय. "गुलाबीत किंचित जांभळी झाक आहे, सर. मागच्या ऑर्डरचा शेड."

"मेलो!"

"माझ्या घशात इस्त्रीचा वास येतोय," इद्रिस कण्हले.

"मला नव्या शर्टाची चव लागतेय," खोरशेद साहेब म्हणाले आणि बेसिनकडे धावले. मॅडम आधीच तिथे पोचल्या होत्या. मास्तर रांगेत उभे राहिले.

आणि या सगळ्या आकांतात तोफाज्जल साहेब जागेवर बसून होते. त्यांच्या मनात मोठं वादळ चाललं होतं. एक वाक्य! त्यांच्या एका वाक्यानं या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. पण ते वाक्य उच्चारलं की खुर्ची गेली, क्वार्टर गेलं, राहिले मुरमुरे. बोलावं की गप्प राहावं? बोलावं तर पोट गेलं, गप्प राहावं तर यांची पोटं गेली! विचार करून करून त्यांना थकवा आला. आणि थकवा आला की त्यांना भूक लागायची. डोकं विचारात, हात परातीत. त्यांनी शेपटीचा तुकडा ओढला, थोडा भात घेतला, वरून रस्सा, आणि म्हणाले, "चाचा, हिरवी मिरची आहे?"

बेसिनपाशी सगळे एकदम वळले.

मॅडम तोंड पुसत टेबलापाशी आल्या. तोफाज्जल साहेब मिरचीचा देठ मोडत होते.

"तोफाज्जल साहेब."

"जी, मॅडम?"

"तुम्ही जेवताय."

"जी. म्हणजे... अन्न टाकू नये."

"आम्ही सगळे मरतोय आणि तुम्ही मिरची मागताय. याचे अर्थ दोनच. एक तर तुमचं पोट लोखंडाचं आहे. नाहीतर तुम्हाला काहीतरी माहीत आहे, जे आम्हाला माहीत नाही."

"पोट..." तोफाज्जल साहेबांनी सुरुवात केली.

"तोफाज्जल!" खोरशेद साहेब बेसिनला टेकून ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मियां, मला तीन लहान मुलं आहेत! काही माहीत असेल तर बोला!"

आणि तोफाज्जल साहेब बोलले. आधी ट्यूबवेल. मग रबरी पाइप. मग मतलेब, पिंप, मागचं फाटक, नऊ ते तीन. शब्द एकदा सुटले की आवरेनात. टाकी घासायला कुठला ब्रश वापरतात, तेही त्यांनी सांगून टाकलं.

"म्हणजे," खोरशेद साहेबांनी अडखळत विचारलं, "हा मासा आपल्या पाण्यात एक दिवसही राहिला नाही?"

"एक मिनिटही नाही, सर. ट्यूबवेलच्या पाण्यात दोन तास. मतलेबकडचा अगदी ताजा मासा!"

"आणि दोन वर्षं तुम्ही मला फसवत होतात?"

"जी, सर."

खोरशेद साहेबांनी त्यांना कडकडून मिठी मारली! "अल्लाहचे लाख लाख उपकार! लबाड माणूस मिळाला मला! तुमच्या जागी प्रामाणिक माणूस असता तर आज आमचे जनाजे निघाले असते!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. इद्रिसचं पोट फिरायचं थांबलं. मास्तरांनी साहेबांची जीभ पुन्हा तपासली, ती एकदम फिकट गुलाबी होती. मॅडम हसल्या, बसल्या आणि थंड होत आलेलं माशाचं डोकं त्यांनी पुन्हा जवळ ओढलं. चांगला मासा खरंच टाकवत नाही. ते चोखून निवांत संपवल्यावर त्यांनी हात धुतले, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"आता लिहून घेते," त्या म्हणाल्या. "ट्यूबवेल. रबरी पाइप. मतलेब."

खोरशेद साहेबांचे हात तोफाज्जल साहेबांच्या गळ्यात अजून होतेच. मिठी मात्र संपली होती.

नेमकं याच वेळी मागच्या फाटकाकडून सायकलची घंटा वाजली आणि ओल्या लुंगीतला एक माणूस धापा टाकत दारात आला.

"तोफाज्जलभाई, आटपा लवकर! चार वाजता पलीकडच्या काठाला पाहणी आहे! टाकीत दोनच दिसले, सुलतान कुठाय?"

"कोण सुलतान?" मॅडमनी विचारलं.

"माझा थोरला रोहू हो! शेपटी फाटलेला!"

सगळ्यांच्या नजरा सावकाश मॅडमच्या ताटाकडे वळल्या. तिथे कल्ल्यांची हाडं नीट एका कडेला लावून ठेवली होती.

मतलेबनं डोक्यावरचा गमछा काढला. दाराची चौकट धरून तो खाली बसला.

"एकोणीस तपासण्या पास झालेला मासा होता तो!" तो हुंदका देत म्हणाला. "एकोणीस गिरण्या! अडीच वर्षं! एकदा नापास नाही झाला! साहेब लोक दिसले की आपणहून काठाशी यायचा. मी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यालाच कळायचं!"

"तरीच," मॅडम पुटपुटल्या. "गेल्या महिन्यात दोन गिरण्यांत पाहिला होता मी त्याला." मग त्या थांबल्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "एकोणीस गिरण्या?"

तोफाज्जल साहेबांनी गळ्यातले साहेबांचे हात बाजूला सारले.

"मतलेब," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "बाकीच्या गिरण्याही टाकीत ट्यूबवेलचंच पाणी भरतात ना?"

"छे!" मतलेब नाक पुसत म्हणाला. "एवढी माया फक्त तुमच्याकडे, भाई! बाकीचे कुठले पाणी बदलायला! असेल त्यात सोडतो आपला. एकदा तर सुलतान जांभळा होऊन निघाला. आठवडाभर चोळून धुतला, तेव्हा मूळ रंगावर आला. पण चिवट! दुसरे मेले, हा पचवायचा सगळं!"

या वेळी बेसिनपाशी सगळ्यांच्या आधी तोफाज्जल साहेब होते.

डॉक्टर आले. त्यांनी सगळ्यांची नाडी पाहिली, सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि चार दिवस मासे खाऊ नका असा सल्ला दिला. नारायणगंजच्या माणसाला ही शिक्षा आजारापेक्षा मोठी. पण कुणालाही काहीही झालं नाही. सुलताननं मरणानंतरही कुणाला त्रास दिला नाही. शेवटच्या तपासणीत तो नापास झाला, एवढंच, आणि त्यातही दोष त्याचा नव्हता.

मॅडमचा अहवाल मात्र अकरा पानी निघाला. गिरणीचा परवाना अडकला. प्लँट खरोखर चालू करा, रोज चालू ठेवा, तोवर नदीत एक थेंब सोडायचा नाही, असा हुकूम झाला. वर आणखी एक कलम होतं. प्लँटच्या प्रमुखानं चोवीस तास प्लँटजवळच राहावं. तोफाज्जल साहेबांना हाकलायचं खोरशेद साहेबांच्या फार मनात होतं. पण प्लँट चालवता येणारा माणूस अख्ख्या गिरणीत एकच होता. निदान चालवता येतो असं इतकी वर्षं सांगणारा तरी एकच होता.

अशा रीतीनं तोफाज्जल साहेबांना क्वार्टर मिळालं. त्याची खिडकी नदीकडे उघडत नव्हती. ती बरोबर तिसऱ्या टाकीवर उघडत होती, जिथे गुरगुर व्हायची. जहानआरा बेगम पहिल्या दिवशी खिडकीत उभ्या राहिल्या, एक दीर्घ श्वास घेतला, खिडकी लावली आणि एवढंच म्हणाल्या, "मुरमुऱ्यांना निदान वास तरी नसतो."

पण एक सांगायला हवं. गुरगुरणारं काय आहे ते तोफाज्जल साहेबांनी शोधून काढलं. व्हॉल्व्ह बदलले. पुस्तकं वाचली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पावसाळा उलटला आणि सहाव्या टाकीत, ट्यूबवेलशिवाय, गिरणीचंच पाणी स्वच्छ दिसू लागलं. नावाड्यांची पंचाईत झाली, बकुल डाईंगची ऑर्डर त्यांना ओळखता येईना. तेव्हा तोफाज्जल साहेबांनी बोटाएवढे तीन रोहू आणून टाकीत सोडले. या वेळी कुणालाही परत द्यायचे नव्हते. ते जगले! ते वाढले! तोफाज्जल साहेब दिवसातून चार वेळा टाकीपाशी जाऊन उभे राहायचे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्या माशांविषयी खरं बोलता येत होतं.

हिवाळा सरताना मॅडम पुन्हा आल्या. पांढरे बूट, नवे. या वेळीही त्यांनी सकाळी होडीनं नमुना घेतला होता, आणि बूट पांढरेच राहिले होते. सहाव्या टाकीपाशी येऊन त्यांनी पाणी तपासलं. मग मासे पाहिले. प्रत्येकाची शेपटी नीट निरखली.

"कुठून भाड्यानं आणलेत?"

"मॅडम, शपथ घेऊन सांगतो, इथलेच आहेत! पाच महिने! याच पाण्यात! बोटाएवढे होते!"

"खरं?"

"अगदी खरं! हे पाणी आता खरोखरच शुद्ध आहे!"

मॅडमनी थोडा विचार केला. मग वही मिटली आणि सोलेमान चाचांना हाक मारली. चाचा जणू दारामागेच होते. जाळं घेऊनच आले.

"चाचा, यातला एक काढा आणि तळून आणा. तोफाज्जल साहेबांसाठी. ते खाताना मी समोर बसते, आणि मग लगेच सही करते."

तोफाज्जल साहेबांनी टाकीत पाहिलं. पाणी काचेसारखं होतं. पीएच सात. पाच महिने त्यांनी स्वतः मोजलेला, स्वतः लिहिलेला, एकही आकडा खोटा नाही. मासा काठाशी आला आणि त्यानं त्यांच्याकडे मोठ्या विश्वासानं पाहिलं.

"खाल्ला असता, मॅडम," तोफाज्जल साहेब अत्यंत नम्रपणे म्हणाले. "पण आज माझा रोजा आहे."

मॅडम फक्त तोफाज्जल साहेबांच्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. त्यात अर्धा खाल्लेला समोसा होता.